तक्त्यात ओव्हरीची ओळ कुठे आहे?

आज दोन पेपर. दोन्ही टाटा मेमोरियलचे, दोन्ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचे आणि दोन्ही ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये आलेले. त्यातल्या दुसऱ्याच्या पहिल्या लेखिका सुप्रिया चोप्रा इथल्या, खारघरच्या ॲक्ट्रेकच्या. परदेशी पेपरची चिरफाड करायला काही वाटत नाही. आपल्या अंगणातलं काम वाचताना हात जरा आखडतो, शिवाय दोन्ही पेपर खरोखर चांगले आहेत. तरी एक गोष्ट खटकली, म्हणून लिहितेय.

पहिला पेपर २०१८चा, सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांचा. २००३ ते २०१५ अशी बारा वर्षं, ६३५ बायका. गर्भाशयमुखाची गाठ मोठी आहे किंवा थोडी बाहेर सरकली आहे, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली नाही, अशा टप्प्यातल्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला आधी केमोथेरपीचे तीन डोस आणि मग मोठं ऑपरेशन. दुसऱ्या गटाला ऑपरेशन नाही, थेट रेडिओथेरपी आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. आपल्याकडे पेशंट ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, तीच ही रेडिओथेरपी.

निकाल असा: पाच वर्षांनी आजार परत न येता जगणाऱ्या बायका ऑपरेशनच्या गटात ६९.३ टक्के, शेकाच्या गटात ७६.७ टक्के. म्हणजे शेक जिंकला. पण एकूण जिवंत किती, हे बघितलं तर ७५.४ आणि ७४.७. काहीच फरक नाही. हे कसं? माझं वाचन असं: ऑपरेशनच्या गटात आजार उलटला, तरी शेक हा पत्ता हातात शिल्लक होता, तो नंतर खेळता आला. शेक आधीच देऊन झालेला असेल तर पुन्हा तिथेच द्यायला जागा फार कमी उरते.

त्याखाली उशिरा दिसणाऱ्या त्रासांचे आकडे आहेत. दोन वर्षांनंतर टिकलेले त्रास: गुदाशयाचे २.२ विरुद्ध ३.५ टक्के, मूत्राशयाचे १.६ विरुद्ध ३.५, योनिमार्गाचे १२ विरुद्ध २५.६. पहिला आकडा ऑपरेशनचा, दुसरा शेकाचा. ठळक निकालांत आलेली यादी एवढीच, तीन जागांची.

आता ६३५ जणींमधली एक बत्तीस वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणा. ती शेकाच्या गटात गेली, तर तिच्या दोन्ही ओव्हरी किरणांच्या वाटेतच येतात. बाहेरून दिला जाणारा डोस साधारण ४५ ते ५० ग्रे असतो, वरून ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिला जाणारा शेक. (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप. पुढे त्याचे आकडे येतील.) एवढ्यात ओव्हरी संपते. ऑपरेशनच्या गटात गेली असती, तर गर्भाशय गेलं असतं, पाळी गेली असती, पण सर्जनने ओव्हरी जागेवर ठेवल्या असत्या तर हार्मोन चालू राहिले असते. अर्थात त्या गटातल्याही काही जणींना नंतर शेक लागतोच, हे मान्य. पण तिच्या दृष्टीने दोन रस्त्यांमधला हा केवढा मोठा फरक आहे! एकूण जगण्याची शक्यता सारखी, एका रस्त्यावर आजार उलटण्याची भीती सात टक्क्यांनी जास्त, दुसऱ्या रस्त्यावर बत्तिसाव्या वर्षी रजोनिवृत्ती. यातलं काय निवडायचं हे मी सांगणार नाही, ‘शेक बरा’ हा पेपरचा निष्कर्षही मी खोडत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की किमतीच्या यादीत ही किंमत लिहिलेलीच नाही.

लगेच कुणी म्हणेल, अहो, हा आजार आपल्याकडे बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना होतो, त्यांची ओव्हरी तशीही निवृत्तीला आलेली. बरोबर आहे. सरासरी काढली की ही किंमत नाहीशी होते. पण सरासरी बाई ओपीडीत येत नाही.

दुसरा पेपर २०२१चा, नाव ‘पार्सर’. ३०० बायका. यांचं ऑपरेशन आधीच झालेलं, नंतर शेक लागणार होता. निम्म्यांना तो नेहमीच्या पद्धतीने दिला. निम्म्यांना रोज स्कॅन बघून, किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करत, आतड्याला शक्य तितकं वगळून दिला. तीन वर्षांनी आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, नव्या पद्धतीत २१.१ टक्के. त्रास थेट निम्म्यावर आला. ज्यांना घराबाहेर पडताना आधी संडास कुठे आहे ते शोधावं लागतं, त्यांना विचारा हा आकडा काय आहे ते. लोकलच्या प्रवासात तर विचारूच नका.

या पेपरला ओव्हरीबद्दल जाब विचारणं अन्यायाचं होईल. त्यात सगळ्यांचं गर्भाशय निघालेलं, बऱ्याच जणींच्या ओव्हरीही सोबत गेलेल्या असणार. पण तो वाचताना मला एक गोष्ट नीट कळली, आणि तीच इथे सांगायची आहे: आतडं वाचलं, कारण आतडं मोजायचं असं आधी ठरलं होतं.

हे कसं घडतं बघा. रेडिओथेरपी सुरू करण्याआधी सीटी स्कॅन होतो. डॉक्टर त्या स्कॅनच्या प्रत्येक चकतीवर माऊसने रेघा ओढतात. ही गाठ, हे मूत्राशय, हे गुदाशय, हे आतडं, ही मांडीच्या हाडांची डोकी. मग कॉम्प्युटरला सांगतात की गाठीला इतका डोस हवा आणि या या अवयवाला इतक्यापेक्षा जास्त नको. कॉम्प्युटर हजारो पर्याय तपासून त्यातल्या त्यात बरी योजना काढतो. तो अतिशय आज्ञाधारक असतो. ज्या अवयवाभोवती रेघ नाही, तो त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. उरलेला डोस कुठेतरी टाकायचाच असतो, तो अशाच निनावी जागी जातो.

मग कशाभोवती रेघ ओढायची हे कोण ठरवतं? तक्ते ठरवतात. उशिराचे त्रास नोंदवण्यासाठी जगभर वर्षानुवर्षं वापरला गेलेला एक तक्ता आहे, आरटीओजी आणि ईओआरटीसी या अमेरिकन आणि युरोपीय गटांचा, १९९५ साली छापलेला. त्यात त्वचा आहे, लाळग्रंथी आहेत, डोळा, स्वरयंत्र, फुफ्फुस, हृदय, यकृत, मूत्रपिंड, हाडं, सांधे आहेत. ओव्हरी नाही. नंतर २०१० मध्ये ‘क्वांटेक’ आलं. कोणता अवयव किती डोस सोसतो यावरचं ते आमच्या क्षेत्रातलं बायबल म्हणा. त्यात १६ अवयवांवर एकेक स्वतंत्र लेख आहे. त्यांपैकी एक लेख शिश्नाच्या मुळाशी असलेल्या फुगीर भागावर आहे, कारण प्रोस्टेटच्या शेकानंतर पुरुषांच्या ताठरतेचं काय होतं हा महत्त्वाचा प्रश्न आहे. आहेच महत्त्वाचा, त्याबद्दल वाद नाही. पण त्या सोळांत ओव्हरी नाही. पहिल्यांदा वाचताना माझ्याकडून पान सुटलं की काय, म्हणून मी अनुक्रमणिका दोनदा बघितली.

बरं, ओव्हरी इतकी चिवट आहे का की मोजायची गरजच पडू नये? उलट, शरीरातल्या सगळ्यांत नाजूक गोष्टींपैकी ती एक आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सगळी बीजं तयार असतात, दहा ते वीस लाखांच्या घरात. नवीन बनत नाहीत. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पुढे गळतीच. वॉलेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये काढलं की निम्मी बीजं मारायला २ ग्रेपेक्षाही कमी डोस पुरतो. २००५ मध्ये त्यांनी वयानुसार हिशोब मांडला की ओव्हरी लगेच बंद पडेल असा डोस जन्माच्या वेळी २०.३ ग्रे, दहाव्या वर्षी १८.४, विसाव्या वर्षी १६.५ आणि तिसाव्या वर्षी १४.३. वय वाढतं तशी शिल्लक कमी, म्हणून कमी डोसही भारी पडतो. आणि आपण देतो ४५ ते ५०.

हे आकडे प्रत्येक भाषणात एक दशांशासकट दाखवले जातात. मला तो दशांश जरा विनोदी वाटतो. मूळ हिशोब मोजक्या रुग्णांच्या माहितीवर आणि बीजं वयानुसार कशी घटतात याच्या गणिती मॉडेलवर उभा आहे. दिशा बरोबर आहे, पण १४.३ म्हणजे काही रेल्वेचं वेळापत्रक नव्हे.

मग उपाय? सर्वांत जुना उपाय सरळ आहे: ओव्हरीच वाटेतून बाजूला करायची. १९५८ मध्ये मॅककॉल आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. दुर्बिणीतून किंवा पोट उघडून ओव्हरी तिच्या रक्तवाहिन्यांसकट सोडवतात आणि ओटीपोटातून वर, पोटाच्या कडेला नेऊन टाचतात, शक्यतो कमरेच्या हाडाच्या कडेच्याही दीड सेंटीमीटर वर. शेजारी टायटॅनियमची बारीक क्लिप लावतात, म्हणजे सीटीवर ठिपका दिसतो आणि रेडिओथेरपीवाल्यांना कळतं की बाई गं, ही इथे आहे, इथे रेघ ओढ.

याचं यश किती? नेहमी सांगितला जातो तो २०१४चा गुब्बाला यांचा आढावा, २४ अभ्यास आणि ८९२ बायका. ओव्हरी हलवली आणि नुसती ब्रॅकीथेरपी दिली, तर ९४ टक्के जणींत ती चालू राहिली. बाहेरून शेक दिला तर ६५ टक्के. हा फरक समजायला सोपा आहे. ब्रॅकीथेरपीत किरणांचा स्रोत आतच असतो आणि अंतर वाढलं की डोस झपाट्याने घसरतो. बाहेरच्या शेकात किरण पोटातून आरपार जातात, काही विखुरतात, आणि दोन-तीन ग्रे विखुरलेलेसुद्धा पुरेसे असतात.

पण त्या ६५वर मी मुळीच नाव लिहून देणार नाही. बहुतेक अभ्यास जुन्या केसपेपरांवरून काढलेले. आणि ‘ओव्हरी चालू’ म्हणजे काय, यावरच एकमत नाही. कुणी रक्तातलं एफएसएच बघितलं, कुणी अंगातून वाफा येतात का एवढंच विचारलं. ज्यांचं गर्भाशय काढलंय त्यांना पाळीवरून ओळखायची सोयच नाही. कुणी सहा महिन्यांनी बघितलं, कुणी पाच वर्षांनी. इतकी वेगवेगळी मापं एका टोपलीत टाकून एक टक्केवारी काढायची म्हणजे भाजीवाल्याकडचा शेवटचा वाटा. शिवाय प्रत्येकीची ओव्हरी हलवताही येत नाही. कॅन्सर ओव्हरीत पसरलेला असण्याची शक्यता स्क्वेमस प्रकारात एक टक्क्याहून कमी, पण ग्रंथींपासून होणाऱ्या ॲडेनो प्रकारात पाच टक्क्यांच्या आसपास आहे. जपानमधल्या ३,४७१ रुग्णांच्या अभ्यासात हे दिसलं. तिथे सर्जन बिचकतात ते उगाच नाही.

मध्येच एक तक्रार. ‘कॅन्सर आणि मातृत्व’ छापाच्या लेखांत एक इंजेक्शन हमखास येतं, ओव्हरीला तात्पुरतं झोपवणारं. त्याचा जो गाजलेला पुरावा आहे, २०१५चा ‘पोएम्स’ अभ्यास, तो स्तनाच्या कॅन्सरच्या केमोथेरपीबद्दलचा आहे. किरणांना ओव्हरी झोपली आहे की जागी, याच्याशी देणंघेणं नाही. शेकासाठी या इंजेक्शनवर विसंबणं म्हणजे पावसात सनस्क्रीन लावणं.

आता सगळ्यांत अवघड भाग. ओव्हरी वाचली म्हणजे मूल होणार, असं हे लेख सुचवतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये शेक गर्भाशयालाच द्यायचा असतो, ते गर्भ वाढवायच्या कामाचं राहत नाही. म्हणजे वाचलेल्या ओव्हरीतलं किंवा आधी गोठवून ठेवलेलं बीज वापरायचं, तर सरोगसीच. बीजं काढून गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. मोठ्या गाठीच्या बाबतीत तेवढं थांबायचं की नाही, हा खरा वैद्यकीय प्रश्न आहे. तंत्राचं म्हणाल तर ते परकं नाही. परळला टाटाच्या समोरच्याच केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. खरी अडचण पुढे आहे. २०२१च्या सरोगसी कायद्यानुसार हा मार्ग विवाहित जोडप्याला खुला आहे, बाईचं वय २३ ते ५०, पुरुषाचं २६ ते ५५. एकट्या बाईला खुला आहे तो फक्त विधवा किंवा घटस्फोटित असेल तर, तेही ३५ ते ४५ या वयात. सव्वीस वर्षांच्या अविवाहित मुलीने आज बीजं गोठवली, तर ती वापरण्याआधी तिला लग्न करावं लागेल. कॅन्सर झालेल्या, गर्भाशय निकामी झालेल्या मुलीचं लग्न आपल्याकडे कसं जमतं, हे तुम्हाला माहीत आहे. संशोधनाच्या पेपरात ‘प्रजननक्षमतेचे पर्याय समजावून सांगावेत’ असं एक वाक्य असतं. ते समजावताना हा कायदाही समजावावा लागेल.

आणि म्हणूनच ओव्हरीची चर्चा फक्त मुलाबाळांवर आणून ठेवणं मला पटत नाही. ‘मुलं झालीत ना?’ हा प्रश्न आपल्याकडे शेवटचा असतो. झाली असतील तर विषय संपला. बोलीत गर्भाशयाला ‘पिशवी’ हा शब्द तरी आहे, ओव्हरीला तोही नाही. पिशवी म्हटलं की सगळं त्यात आलं. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची पिशवी खाजगी दवाखान्यांत काढली गेली, हे २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. तो विषय वेगळा, आजार वेगळा, पण मुलं झाल्यावर आतलं सामान बिनकामाचं ठरतं, हा हिशोब तोच.

ओव्हरी बीजं देते, तसं इस्ट्रोजेनही देते. पस्तिशीत ती बंद पडली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप उडते, योनिमार्ग कोरडा पडतो. पहिल्या पेपरातला तो २५.६ टक्क्यांचा आकडा आठवतोय? त्यातला किती वाटा किरणांनी भाजण्याचा आणि किती इस्ट्रोजेन आटण्याचा? ओव्हरीची नोंद नसेल तर हे वेगळं काढताच येत नाही. एक नोंद गाळली की शेजारच्या नोंदीचा अर्थही बिघडतो, तो असा.

इथे निदान एक उपाय असा आहे ज्याला ना ऑपरेशन लागतं ना मशीन. कमी वयात ओव्हरी बंद पडली, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या किंवा पट्ट्या देता येतात. गर्भाशयमुखाचा स्क्वेमस कॅन्सर हार्मोनवर वाढणारा नाही, त्यामुळे तिथे ही भीती नसते. गर्भाशय जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायचं, कारण शेकानंतरही अस्तराचा थोडा भाग जिवंत राहिलेला असू शकतो. हे सगळं ठरलेलं ज्ञान आहे. पण गोळी लिहून द्यायला आधी कुणाला तरी आठवावं लागतं, आणि फॉलोअपच्या फॉर्मवर मूत्राशय आणि संडास यांच्या चौकोनांखाली तिसरा चौकोन नसेल तर ते डॉक्टरच्या मर्जीवर राहतं.

तक्ता नव्याने बनवायची एक संधी आत्ता खारघरलाच आहे. ॲक्ट्रेकमधलं प्रोटॉनचं केंद्र मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. मेंदूच्या काही गाठींमध्ये लहान मुलींना डोकं आणि अख्खा कणा असा शेक द्यावा लागतो, २३.४ किंवा ३६ ग्रे. साध्या किरणांचा झोत पाठीतून शिरतो आणि पोटातून बाहेर पडतो, कण्याच्या खालच्या टोकाशी ओव्हरी त्याच्या वाटेत किंवा काठावर येतात. प्रोटॉन मणक्यापर्यंत जाऊन तिथेच थांबतात, पुढे जवळजवळ काही जात नाही. कागदावर हा ओव्हरीसाठी सरळ फायदा आहे. बातम्यांत तेव्हा ‘दुष्परिणाम कमी’ असं मोघम आलं होतं. कोणते, किती, कुणी मोजले? आठ वर्षांच्या मुलीची ओव्हरी वाचली की नाही, हे पाळी सुरू झाल्यावरही पूर्ण कळत नाही, ती तिशीच्या आत बंद पडली का, हे बघावं लागतं. २०२३ मध्ये आठ वर्षांची असलेली मुलगी २०३८ मध्ये तेवीस वर्षांची होईल. तोवर तिचा फोन नंबर तीनदा बदललेला असेल, आडनावही कदाचित. तिच्या आजच्या सीटीवर ओव्हरीभोवती रेघ ओढून डोस लिहून ठेवला असेल, तर पंधरा वर्षांनी कुणीतरी दोन्ही टोकं जोडू शकेल. रेघ नसेल तर तेव्हा स्कॅन शोधून, अंदाजाने ओव्हरी कुठे असेल ते ठरवत बसावं लागेल.

लहान मुलींच्या सीटीवर ओव्हरी मुळात दिसते का, एमआरआय लागतो का, आणि शेकाआधी व नंतर रक्तातलं एएमएच बघून काय कळतं, हे पुढच्या पोस्टमध्ये. एएमएचबद्दल बरंच काही सांगायचंय आणि त्यातलं निम्मं पुन्हा तक्रारीचं आहे.